टर्मिनल पाडा, पण त्याआधी १९४२ ची नोंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई विमानतळाचं टी-वन, म्हणजे जुनं टर्मिनल, पाडून त्या जागी नवीन टर्मिनल बांधणार हे जाहीर झाल्यापासून आमच्या पार्ल्यात जिथे जावं तिथे तोच विषय आहे, भाजीवाल्याकडे, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे. ट्रॅफिकचं काय होणार, धूळ किती उडणार, डंपर कुठल्या रस्त्याने फिरवणार. या काळज्या खऱ्याच आहेत आणि मलाही आहेत. पण मी हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी लिहितेय, आणि ती गोष्ट कोणाच्याच तोंडी नाही म्हणून लिहितेय. ज्या जमिनीवर हे टर्मिनल उभं आहे ती जमीन विमानतळ झाली ती दुसऱ्या महायुद्धासाठी, १९४२ साली, आणि तिथून रोज जा-ये करणाऱ्या हजारो लोकांपैकी दहा जणांनाही हे माहीत नसेल. माहीत नसण्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नाहीये.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, १९४७ साली सांताक्रूझला, म्हणजे याच विमानतळावर, हेल्पर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच होते. कलिन्याच्या बाजूला रनवेच्या दक्षिणेकडचा जो भाग आहे त्याला आजही रिक्षावाले ओल्ड एअरपोर्टच म्हणतात, आणि तरुण मुलांना वाटतं की ओल्ड म्हणजे टी-टू हे नवं टर्मिनल व्हायच्या आधीचा. तसं नाहीये. ओल्ड म्हणजे इंग्रजांच्या रॉयल एअर फोर्सचा. १९४२ मध्ये तिथे त्यांनी तळ बांधला, साधारण दीड हजार एकरांचा, सुरुवातीला तीन रनवे होते, आणि १९४७ पर्यंत त्यांच्या स्क्वाड्रन तिथे येऊनजाऊन होत्या. लढाई संपल्यावर १९४६ मध्ये ते नागरी विमान खात्याकडे यायला लागलं तेव्हा प्रवाशांसाठी बिल्डिंग म्हणून काही नव्हतंच, मग एअर फोर्सच्याच दोन हँगरना टर्मिनल करून टाकलं. एक देशातल्या विमानांना, एक परदेशच्या. परदेशवाल्या हँगरमध्ये दोन्ही अंगाला कस्टम आणि इमिग्रेशनचे काउंटर आणि मधोमध प्रवाशांना बसायची जागा. पहिल्या वर्षी दिवसाला विमानं किती, तर सहा. आज त्याच जमिनीवरून दिवसाला नऊशेच्या वर जातात-येतात.

दादा सांगायचे की पावसाळ्यात त्या हँगरमध्ये उभं राहिलं की पत्र्यावर पावसाचा इतका आवाज व्हायचा की समोरचा माणूस काय बोलतोय ते ओठांवरून समजून घ्यावं लागायचं, आणि त्यातच साहेबलोक टाय लावून, बायका हातमोजे घालून लंडनच्या विमानाची वाट बघत बसलेल्या. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान मुंबईहून सुटलं, मलबार प्रिन्सेस, कैरो आणि जिनिव्हा करत जाणारं कॉन्स्टेलेशन, तीन शेपट्यांचं. दादांनी ते विमान जवळून पाहिलेलं, त्याच्या अंगाला हात लावलेला, आणि पुढे १९५० मध्ये तेच विमान युरोपात माँ ब्लाँ डोंगरावर आदळून सगळे गेले त्या दिवशी दादा घरी येऊन न जेवता झोपले होते असं आई सांगायची. आमच्यासाठी विमानतळ म्हणजे हे होतं, घरातलंच एक माणूस असावं तसं.

कराची पाकिस्तानात गेल्यावर तिथली वर्दळ मुंबईकडे वळली आणि १९४९ पर्यंत सहाची चाळीस विमानं झाली दिवसाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली, रात्री उतरण्यासाठी दिव्यांची नीट सोय झाली, १९५० मध्ये नवीन टर्मिनलचं काम काढलं आणि ते १९५८ ला सुरू झालं. म्हणजे आपण पुढे ज्याला डोमेस्टिक म्हणायला लागलो ते. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये त्याला आग लागली, माणसं गेली त्यात. १९८१ ला सहारचं परदेशच्या विमानांचं टर्मिनल झालं. मग शिवाजी महाराजांचं नाव आलं, मग टी-टू आलं. हा सगळा पुढचा इतिहास लोकांना थोडाफार माहीत असतो, पेपरातही येत असतो. १९४२ ते १९४६ ही चार वर्षंच तेवढी कुठे गायब होतात कळत नाही.

आणि ती चार वर्षं आमच्या आजीच्या तोंडात कायम असायची. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपान्यांनी कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले, लोक बिऱ्हाडं उचलून गावी निघाले. आजोबा कोलेकल्याणला खंडाने भात लावायचे, कोलेकल्याण म्हणजे कलिनाच, सातबारावर आजही तेच नाव सापडतं. आजी सांगायची की एक दिवस माणसं आली, बांधावर खुंट्या ठोकल्या, आणि त्या वर्षीचं भात आजोबांनी कापलं ते शेवटचं. मग बांध फोडले, भर टाकली, आणि ज्या बायका आदल्या वर्षापर्यंत त्याच खाचरात आवणी करत होत्या त्याच डोक्यावर पाटी घेऊन रोजावर खडी टाकायला लागल्या. आजी पण होती त्यात. तिच्या बोलण्यात राग नसायचा फार, ती एवढंच म्हणायची की आम्हीच आमच्या शेतावर दगड घातले. आजोबा कूळ होते, मालक नव्हते, त्यामुळे मोबदला वगैरेचा प्रश्नच आला नाही. आजूबाजूला सहार, मरोळ, बामणवाडा, कलिना अशी गावं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची शेतं, कोळी-कुणब्यांची घरं, गल्लीच्या तोंडाला ते पांढरे क्रूस. त्यातले बरेच क्रूस आजही जागेवर आहेत, विमान डोक्यावरून जातं आणि खाली मेणबत्ती पेटलेली असते, मी कितीदा पाहिलंय.

आता एक वस्तू सांगते जी माझ्या डोळ्यासमोर आहे, अगदी आत्ता लिहिताना सुद्धा, कारण ती आमच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मागे उभी आहे. लोखंडाची जाड पत्री आहे, दहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद, होती तेवढी, आता एका टोकाला गंजून वीतभर कमी झालीय. तिला गोल भोकं आहेत, तीन ओळीत, एका ओळीत एकोणतीस, म्हणजे सत्त्याऐंशी. लहानपणी मी आणि माझा भाऊ ती मोजायचो, पाढे पाठ व्हायच्या आधी आम्हाला एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी येत होतं. प्रत्येक भोकाची कड आत दाबून गोलसर वळवलेली आहे, त्यामुळे हाताला धार लागत नाही आणि पत्र्याला ताकद येते. लांब बाजूंना एकीकडे हूक आणि दुसरीकडे त्या हुकासाठी खाचा. दादांनी ती १९५० च्या सुमाराला कुर्ल्याच्या भंगारातून आणली, डिस्पोजलचा माल म्हणून, अशा चार होत्या, आणि आमच्या जुन्या घराच्या परड्याला त्यांचं कुंपण होतं. कारल्याचा वेल त्या भोकांमधून असा आतबाहेर विणला जायचा की पावसाळ्यात लोखंड दिसायचंच नाही.

ती पत्री काय होती हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. अमेरिकन सैन्य चिखलात विमान उतरवायला अशा पत्र्या एकमेकीत अडकवून जमिनीवर अंथरायचं, हजारोंनी, आणि काही दिवसांत रनवे तयार व्हायचा, कौशल्याची गरज नाही, फक्त माणसं पाहिजेत. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मार्स्टन गावाजवळ ती पहिल्यांदा वापरून बघितली म्हणून तिला मार्स्टन मॅट म्हणतात. भोकं पाडली ती वजन कमी व्हावं आणि पाणी खाली जावं म्हणून, तरी एकेक पत्री तीस किलोच्या आसपास भरते. लढाई संपल्यावर हा सगळा माल जिथल्या तिथे विकून टाकला, आसाम-मणिपूरकडे अजून घराघरांना त्याची कुंपणं आणि गेटं आहेत. आमची पत्री नेमकी कुठल्या रनवेवर होती ते दादा सांगू शकले नाहीत आणि मीही सांगणार नाही, पण लढाईचं लोखंड कारल्याच्या मांडवाला लागतं आणि त्याच्याकडे बघत एक मुलगी गणित शिकते, याला पण नंतरचा उपयोगच म्हणायचं ना? हे कुठल्या कागदावर येणार?

सांताक्रूझच्या आधी जुहू होतं हे मात्र लोकांना माहीत असतं, कारण जे.आर.डी. टाटांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९२८ ला सुरू झालेलं ते, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. कराचीहून अहमदाबाद करत टपाल घेऊन स्वतः विमान चालवत तिथे उतरले. जुहूची जमीन अशी की पावसात पाण्याखाली जायची, म्हणून पावसाळ्यापुरता टाटांचा कारभार पुण्याला हलायचा. लढाईत जुहू पण लष्कराने वापरलं, पण मोठ्या विमानांना ते पुरणारं नव्हतं, म्हणून तर सांताक्रूझ बांधलं. दोन्ही इतकी जवळ की चुका व्हायच्या. १९५३ मध्ये बीओएसी या इंग्रजी कंपनीचं कॉमेट हे जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं, त्याला तिथून उडवायला नऊ दिवस लागले. आणि १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच जुहूला उतरलं आणि रनवे संपल्यावर पुढे घसरत गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते, आम्ही मैत्रिणी ते बघायला गेलो होतो, एवढं मोठं विमान नाक खाली घालून बसलेलं, आणि आजूबाजूला जत्रेसारखी गर्दी, चणेवाले सुद्धा आले होते. आज जुहूला हेलिकॉप्टरं असतात, बॉम्बे हायला माणसं नेणारी, फ्लाइंग क्लब आहे. जुहू निदान चालू तरी आहे आणि लोकांच्या आठवणीत आहे.

मुंबईच्या थोडं बाहेर पडलं की हीच गोष्ट जास्त दुखरी होते. कल्याणजवळ नेवाळीला इंग्रजांनी लढाईत विमानांसाठी धावपट्टी केली, त्यासाठी आजूबाजूच्या गावांची शेकडो एकर जमीन घेतली. माझ्या मावशीचं सासर त्या पट्ट्यात, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो. मलंगगडच्या रस्त्याने गेलं की तो काँक्रीटचा पट्टा लागायचा, मधल्या सांध्यांतून गवत आलेलं, कडेला गुरं बसलेली, समोर मलंगगडाचा सुळका. माझा मावसभाऊ तिथेच सायकल शिकला, पुढे तिथेच स्कूटर, आणि त्याचा मुलगा तिथेच कार. उन्हाळ्यात रात्री तिथे बसलं की काँक्रीट कितीतरी वेळ गरम असायचं, बायका त्यावर पापड वाळत घालायच्या. पण त्याच घरात कागदांची एक ट्रंक पण होती आणि त्या ट्रंकेवरून प्रत्येक सुट्टीत एकदा तरी भांडण व्हायचं, की लढाई संपली तर जमीन परत का नाही. गावकऱ्यांचं म्हणणं, जमीन युद्धापुरती घेतली होती. सरकारचं म्हणणं, ती संरक्षण खात्याची आहे. मधल्या सत्तर वर्षांत लोक ती कसत राहिले. मग नौदलाने तिथे भिंत बांधायला घेतली आणि जून २०१७ मध्ये काय झालं ते तुमच्याच पेपरात आपण सगळ्यांनी वाचलं, रस्ता अडवला, पोलिसांच्या गाड्या जाळल्या, छर्रे सुटले, शेतकरी जखमी, पोलीस जखमी. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की १९४२-४३ मध्ये कोणाची कुठली जमीन, किती, कुठल्या अटीवर घेतली याचा नकाशा आणि कागद गावात एका भिंतीवर लावलेला असता, सगळ्यांना वाचता येईल असा, तर निम्मं भांडण बोलून मिटलं असतं. नोंद नसली की प्रत्येकाकडे आपापली आठवण उरते आणि मग आठवणी एकमेकांवर धावून जातात.

तिथून पाचसात किलोमीटरवर उल्हासनगर. लढाईत तिथे कल्याणचा मिलिटरी कॅम्प होता. फाळणीनंतर जवळपास लाखभर सिंधी निर्वासित त्या बराकींमध्ये आणून ठेवले, १९४९ मध्ये उल्हासनगर नाव दिलं, आणि आज एवढं शहर झालं तरी पत्ता सांगताना माणूस कॅम्प नंबर चार, बॅरेक नंबर अमुक असाच सांगतो. एका बराकीचे आठ-दहा भाग, प्रत्येकात एक कुटुंब, मध्ये गोणपाटाचे पडदे, असं सुरुवातीचं आयुष्य. त्या लोकांनी त्यातून कारखाने काढले, दुकानं काढली. तिथे कोणाला सांगावं लागत नाही की आपण लढाईच्या कॅम्पात राहतो, कारण नावातच आहे. सांताक्रूझला मात्र नावातून काही कळत नाही, उलट गोंधळच होतो, विमानतळ अर्धा पार्ल्यात आणि नाव सांताक्रूझ.

आणि कोणी म्हणेल की ऐंशी वर्षांपूर्वीचं हे सगळं आज कशाला. तर त्याला माझं उत्तर असं की त्या जमिनीवर तेव्हा जे ठरलं ते आजही आमच्या घरात येऊन बसलेलं आहे. पार्ल्यात फनेल झोन, म्हणजे विमानांच्या वाटेखालचा, बिल्डिंगच्या उंचीवर मर्यादा असलेला पट्टा, हा शब्द शाळेतल्या मुलाला पण माहीत आहे. आमची बिल्डिंग साठ वर्षांची, गॅलरीच्या सळ्या बाहेर आल्यात, पण उंचीची मर्यादा असल्याने बिल्डरला परवडत नाही आणि रिडेव्हलपमेंट अडकलेली. शेजारच्या काकू चौथ्या मजल्यावर गुडघ्याच्या दुखण्याने दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. आणि मिठी नदी. विमानतळ वाढत गेला तशी ती नदी वाकवली, काटकोनात वळवली, रनवेच्या खालून नेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्या रात्री कलिना, कुर्ला, क्रांतीनगर, जरीमरी इथे काय झालं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पावसाचा दोष विमानतळाला देता येणार नाही, नाले बुजवले, कचरा टाकला, खाडीत भर घातली, सगळ्यांनीच केलं ते, पण जिथे भाताची खाचरं होती, म्हणजे जिथे पाणी थांबायचीच जागा होती, ती सपाट करून तिच्यावर आपण सगळं उभं केलं ही सुरुवात आहे आणि ती १९४२ ची आहे. आजी म्हणायची ना, त्या खाचरात आषाढात मांडीभर पाणी असायचं. हे वाक्य कुठल्या अहवालात आलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः प्रयत्न केला. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला की विमानतळ होण्याआधीचा त्या भागाचा जुना नकाशा बघायला मिळावा, फक्त बघायला, कॉपी पण नको. पहिल्या खिडकीवर सांगितलं दुसऱ्या मजल्यावर जा, तिथे सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही, तिसऱ्या वेळी एका तरुण मुलाने खरंच मनापासून कपाटं शोधली, धुळीने त्याचा शर्ट काळा झाला, आणि शेवटी तो म्हणाला, काकू, एवढे जुने गठ्ठे खाली गोडाऊनमध्ये गेले असतील आणि तिथे पावसाचं पाणी शिरतं. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याने चहा पण पाजला. पण मला परत येताना बसमध्ये रडू आलं. कारण आजी गेली, दादा गेले, त्यांच्याबरोबर हँगरमध्ये काम केलेले जे दोनचार काका अजून आहेत ते नव्वदीच्या पुढचे. त्यातल्या एकांना मी मागच्या दिवाळीत भेटले तर त्यांना माझं नाव आठवेना, पण डकोटा विमानाचं इंजिन थंडीत कसं चालू करायचं ते त्यांनी हाताने हवेत करून दाखवलं, एकेक स्टेप, जराही न चुकता.

बाहेरच्या देशांत काय करतात बघा. माझा नातू टीव्हीवर फॉर्म्युला वनच्या रेस बघतो, त्यातली इंग्लंडची सिल्व्हरस्टोनची रेस ज्या ट्रॅकवर होते तो लढाईतला बॉम्बर विमानांचा तळ होता, १९४३ चा, आणि १९४८ पासून तिथे गाड्या पळतात. तिथल्याच डक्सफर्डच्या जुन्या विमानतळाचं तर चक्क म्युझियम केलंय, हँगरसकट. मी असं म्हणत नाही की मुंबईत म्युझियमसाठी पन्नास एकर सोडा, इथे माणसांना राहायला जागा नाही हे मला कळतं, विमानतळाच्या जमिनीवर हजारो कुटुंबं झोपड्यांत किती वर्षं पुनर्वसनाची वाट बघतायत तेही मी रोज बघते आणि त्यांचा हक्क पहिला. लोहगावचा तळ १९३९ मध्ये मुंबईच्या रक्षणासाठी म्हणून उभा राहिला, आज पुण्याचे लोक तिथूनच विमानाने जातात, बेळगावचं सांबरा पण लढाईतलंच. जागा वापरात राहिली पाहिजे, वापरात राहिली म्हणूनच टिकली. माझी मागणी जागेची नाहीच.

मागणी एवढीच आहे की टी-वनला पहिला हातोडा लागायच्या आधी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने, विमानतळ प्राधिकरणाने आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याने मिळून एकदा नीट पाहणी करावी. ओल्ड एअरपोर्टच्या बाजूला ज्या जुन्या शेड, जुने काँक्रीटचे तुकडे, जुने पाट, पाया असं काही उरलं असेल त्याचे फोटो आणि मापं घ्यावीत, तो भाग सुरक्षेचा आहे तिथे तुम्हीआम्ही जाऊ शकत नाही, म्हणून हे त्यांनाच करावं लागेल. १९४२ चे तीन रनवे आजच्या नकाशावर ठेवून एक नकाशा छापावा आणि त्याच्याखाली त्या आधीची गावं, शेतं, तळी, मिठीचं जुनं पात्र दाखवावं. मुंबई विद्यापीठाचं कलिना कॅम्पस जवळच आहे, इतिहासाच्या मुलांना एक वर्ष हा प्रोजेक्ट द्या, ती मुलं घरोघर जाऊन जुन्या माणसांचं रेकॉर्डिंग करतील, मोबाइल पुरे आहे त्याला. टी-टूमध्ये भिंतीभर देशभरच्या हजारो कलावस्तू लावल्यात, खूप सुंदर आहे ते, मी मुद्दाम लवकर जाऊन बघते. नवीन टी-वनमध्ये तशी एक भिंत विमानतळाच्या स्वतःच्या गोष्टीला मिळावी. त्यात सुरुवात शेतापासून व्हावी, टर्मिनलपासून नाही. आणि मराठीत असावी, मोठ्या अक्षरात, की ट्रॉली ढकलणाऱ्या मुलाला पण थांबून वाचता येईल, कदाचित त्याचेच पणजोबा असतील त्या खाचरातले.

नेवाळीलाही हेच. तिथला वाद कोर्टात आणि सरकारात ज्या मार्गाने सुटायचा त्या मार्गाने सुटो, पण जमीन घेतल्याचे मूळ कागद आणि नकाशे लोकांसमोर ठेवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

पेपरने यात एक करावं अशी विनंती आहे. वाचकांना आवाहन करा की ज्यांच्या घरी त्या काळचे फोटो, पास, पगाराच्या पावत्या, जमिनीच्या नोटिसा असतील त्यांनी त्या फेकू नयेत, स्कॅन करून पाठवाव्यात. आमच्या घरी दादांचा १९५२ चा पास आहे, फोटोत त्यांचा डावा कान कापला गेलाय. आणि ती सत्त्याऐंशी भोकांची पत्री आहे. मुलगा म्हणतो आता बिल्डिंगचं काही झालं तर ती न्यायची कुठे, भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. मी दिलेली नाही. विमानतळवाल्यांनी भिंत करायची ठरवली तर टेम्पोचा खर्च करून मी स्वतः आणून देईन, फक्त एकट्याने उचलायला जाऊ नका, दोन माणसं लागतात.

आपली,
एक जुनी पार्लेकर, विलेपार्ले पूर्व